शब्दागणिक एक खाच

माय,

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा दमा तिकडच्या हवेनं उतरला का? थोरल्या मावशीला आता डोळ्यांनी दिसतं ना, की अजून सुई दुसऱ्याकडूनच ओवून घेते? वेड्यासारखं विचारतेय, ठाऊक आहे मला. तुला जाऊन तीसेक वर्षं झाली. पण आधी सगळ्यांची तब्येत विचारल्याशिवाय पुढचं सुचतच नाही. इकडे आम्ही बरे आहोत. मुलगा नि सून कामावर जातात, नात आठ वर्षांची झाली. इथे परदेशात, आमच्या टाकानिनी गावातली घरं एका साच्यातून काढल्यासारखी. पहिल्या महिन्यात मी दोनदा शेजारणीच्या दाराला किल्ली लावली, ती बिचारी हसून ‘किया ओरा’ म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार.

दर गुरुवारी लायब्ररीत आम्ही म्हातारी माणसं विणायला जमतो. तिथे माझं दोघांशी जमलं आहे. एक डर्बनकडची झुलू बाई, लेक इथे नर्स आहे म्हणून आलेली. दुसरा आयर्लंडचा म्हातारा, जन्मभर बस चालवली, आता मफलर विणतो. दोघं आपापल्या भाषेवरून दर वेळी भांडतात आणि पंच म्हणून मी. सातवी शिकलेली पंच! पण वासरात लंगडी गाय शहाणी.

तिच्या भाषेत टाळूला जीभ लावून वाजवायचे आवाज आहेत, माय. एक आपण कुणाची कीव आल्यावर चुकचुकतो तसा, एक बाटलीचं बूच काढल्यासारखा, आणि एक अगदी तू बैलांना हाकारायचीस तसा, गालाच्या आतून. आपण जो बैलांसाठी ठेवला त्याचे तिथे शब्द होतात! आयरिश म्हाताऱ्याकडे यातलं काही नाही. पण त्याच्याकडे ‘हो’ला नि ‘नाही’ला शब्दच नाहीत. चहा घेतलास का विचारलं, तर ‘घेतला’ किंवा ‘नाही घेतला’ असंच सांगायचं. मी म्हटलं, मग आमच्या घरी वेगळं काय होतं? आणि गंमत म्हणजे, दोघांच्याही शब्दांचं डोकं, म्हणजे सुरुवातीचा आवाज, बदलतं. आपण शेपटाला ‘ला’ नि ‘ने’ लावतो, हे पुढूनच टोपी बदलतात. जगाच्या दोन टोकांच्या भाषा, एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, तरी खोड सारखी.

झुलू बाई सांगते, तिच्याकडे सुनेनं सासऱ्याच्या नावातला आवाजसुद्धा तोंडी आणायचा नाही. पाण्याच्या शब्दात तो आला, तर पाण्यालाच दुसरं नाव द्यायचं. म्हातारा म्हणाला, “बापरे, मग बायका गप्पच बसत असतील!” ती म्हणाली, “उलट. आम्हाला पुरुषांपेक्षा जास्त शब्द येतात.” मला तू आठवलीस. बाबांच्या नावाच्या फुलाला तू जन्मभर ‘ते तांबडं फूल’ म्हणालीस.

मागच्या गुरुवारी ती त्याला टोचून म्हणाली, “माझी भाषा बोलणारे पायलीला पन्नास. तुझी पाट्यांवर आहे, शाळेत आहे, पण दुकानात दूध मागायला कुठे आहे?” तिनं हे इंग्रजीतच म्हटलं, पायली माझी. म्हातारा रागावला नाही. सुया मांडीवर ठेवून त्यानं पणजोबाची गोष्ट सांगितली. शाळेत पोरांच्या गळ्यात काठीचा तुकडा बांधत. आयरिश शब्द तोंडातून गेला की त्यावर एक खाच, आणि दिवसाअखेर खाचेगणिक छडी. “मास्तर वाईटच असणार,” मी म्हटलं. तो म्हणाला, “घरी खाचा आईबापच पाडायचे. पोरगं पुढे जावं म्हणून.”

माय, माझी विणकामाची घरं सुटली.

पुण्याचं आमचं क्वार्टर. तू पहिल्यांदा आली आहेस, पिशवीत ज्वारीचं पीठ नि आंबाडीची भाजी. बाहेर शेजारणी बसल्या आहेत, माझा मुलगा रांगत तुझ्याकडे येतोय आणि तू टाळ्या वाजवून म्हणतेस, “पाय बाप्पा, कसा हासून रायला!” शेजारणी एकमेकींकडे बघतात. मी तुला स्वयंपाकघरात बोलावते. “आई, चार लोकांत असं बोलू नकोस. पोराच्या तोंडी बसतं.” ‘माय’ म्हणायचंही मी तेव्हाच सोडलं होतं. तू पदराला हात पुसलेस, “बरं” म्हणालीस. त्यानंतर पंधरा दिवस तू नातवाशी नुसती हसलीस, हातवारे केलेस, बोलली नाहीस. मला वाटलं, प्रवासानं थकली असेल. खरं तर तसं वाटून घेतलं.

शाळेला सुट्टी आहे, म्हणून काल नातीला बरोबर नेलं. झुलू बाईनं तिला ते तिन्ही आवाज शिकवले. घरी येताना पोरगी विचारते, “आजी, डू वी हॅव वन?” मी गालातून तुझा बैलांचा आवाज काढला. ती फुटपाथवर नाचायलाच लागली. मग माझ्याही अंगात आलं. म्हटलं, माझी माय मला हाक मारायची, ती ऐक: “काय करून रायली व पोट्टे?” एरवी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर घरापर्यंत तेच घोकत आली.

संध्याकाळी मुलगा आला. तो बूट सोडत असताना ती कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, “काय करून रायली व पोट्टे?” तो हसला, आणि मग मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, “आई, शिकवायचंच तर नीट मराठी शिकव ना. पुण्यात गेल्यावर हसतील तिला.”

रागावू कशी त्याच्यावर? ही खाचांची काठी त्याच्या हातात मीच दिलेली. त्याला सांगायला हवं होतं, की ही तुझ्या आजीची बोली आहे, आणि ती तुझ्याशी का बोलली नाही, तेही. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणाले काय, तर, “यूट्यूबवर ऐकलं असेल तिनं कुठेतरी.”

उद्या सांगेन म्हणते. तुझ्या दोन ओळी आल्या तर धीर येईल, माय. लवकर लिही.