शिवशरणांची बारावी खेप

रायचूरच्या अलीकडे,
१४ मार्च २०२५

ती. बनाक्कास,
धाकट्या जगदेवीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाय, म्हणून लिहिते. आमच्या दिंडीचा टेम्पोवाला अमरेश शिधा भरायला सोलापूरला निघालाय, त्याच्याजवळ चिठ्ठी देते.

मंद्रूप सोडून आज दहावा दिवस. श्रीशैल अजून लई लांब हाय. टाचेला फोड आला, फुटला, त्याच्यावर दुसरा आला. डांबर चपलेला चिकटतंय. काल तर दोन गावं पाण्यावाचून चाललो.

आमचे मालक अकरा वर्षं ही वाट चालले, पण पाय दुखले म्हणून घरी कधी बोलले न्हाईत. बाराव्या खेपेआधीच गेले. ती मी पुरी करीन म्हणून निघाले खरी, पण आज वाटतंय टेम्पोत बसून माघारी यावं. येऊ का, ते कळव.

माया आहे तशीच ठेव.
तुझी जगदेवी


सोलापूर,
१७ मार्च

चि. जगदेवीस,
बनाक्काचे अ. उ. आ.

चिठ्ठी वाचून आधी रडले, मग हसले. शाळेला चालत जायचं म्हटलं की तुझं पोट दुखायचं, आणि तीच तू रायचूरपतोर गेलीस की. ये म्हणत न्हाय, जा म्हणूनबी सांगत न्हाय. तुझे पाय, तूच ठरव.

एरंडेल आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या पाठवते. आता पुढं तेलुगू मुलूख. शेजारच्या विणकरांच्या सुनेला विचारून ठेवलंय. पाण्याला नीळ्ळु म्हणायचं, दुखण्याला नोप्पी. एवढ्या दोन शब्दांवर बाईचा जन्म निघतो, यात्रा का निघणार न्हाय.

जपून राहा.
तुझी अक्का


आत्मकूरच्या अलीकडे,
२३ मार्च

ती. बनाक्कास,
सा. न. वि. वि.

परवा उन्हानं चक्कर येऊन रस्त्यातच बसले. आमच्या दिंडीच्या सिद्धप्पांनी मला ईश्वरम्मा नावाच्या बाईच्या घरी नेलं. मी पाय दाखवून नोप्पी म्हटलं. तिनं हळद लावली, ताक पाजलं. तिची सून कानडी मुलखातली, आपल्याला कानडी येतंय, म्हणून बोलणं जमलं.

मालकांचं नाव सांगितलं आणि बाई उठून उभीच राहिली. शिवशरण दरसाल तिच्याच अंगणात उतरायचे म्हणे, आणि सगळ्या यात्रेकरूंना स्वतः भाकरी थापून घालायचे. अक्का, घरी हातात तांब्या दिल्याबिगर जे पाणी प्याले न्हाईत, ते हितं अकरा वर्षं चुलीपुढं बसत होते. सिद्धप्पांना विचारलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, की घरी कळलं तर जगदेवी मला चुलीपुढनं उठू द्यायची न्हाय, म्हणून मालकांनी सगळ्यांकडनं शपथ घेतली होती.

मी आधी लई चिडले. मग हसता हसता डोळे भरले. दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी बांधून त्याच चुलीपुढं बसले आणि चाळीस भाकरी थापल्या. ईश्वरम्मानं एक मोडून खाल्ली आणि म्हणाली, त्यांची पातळ असायची.

आता माघारी येणं न्हाय.
लोभ वाढू दे.
जगदेवी


श्रीशैल,
३० मार्च, पाडवा

ती. बनाक्कास,
सा. न. वि. वि.

पोचले. जंगलातली चढण बसत, उठत, कधी सिद्धप्पांची काठी धरून चढले. एके ठिकाणी पायऱ्यांवर रांगलेसुद्धा. माकडांनी गुळाची पुडी पळवली. वरून देवळाचं शिखर दिसलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, आणि मला मात्र हसू आवरेना. मल्लय्यापुढं उभी राहिले, पण मागायचं काय ते आठवलंच न्हाय. नवऱ्याची तक्रार तेवढी करून आले.

मालकांची बारावी खेप झाली. माझी पहिली पुढल्या पाडव्याला.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते.
जगदेवी