खांद्याचा झटका

१७ नोव्हेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग थोडा राग.

माझ्या आत्मचरित्रातले बाबांवरचे प्रकरण वाचून तू भडकणार, हे अपेक्षित होते; भडकल्यावर परिच्छेद पाडणेही सोडून देशील, हे नव्हते. मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे, कारण माझ्या हातात पेन टिकत नाही. तब्येत विचारलीस. ती ढासळते आहे, तेही अव्यवस्थितपणे. त्याचा मला अधिक संताप येतो.

‘दादा, त्या माणसाला तू माफ कसं केलंस?’ केलेले नाही. त्यांनी आईचे डोके दाराच्या चौकटीवर आपटले, तेव्हाचा आवाज तुला आठवतो. मला रक्ताने चिकटलेले तिचे केस आठवतात. पट्ट्याचे बक्कल माझ्या पाठीत रुतले होते, ती खूण नाटकाच्या रंगपटात शेवटच्या प्रयोगापर्यंत रंगाखाली दडवावी लागली. यातले मी काहीही वगळलेले नाही.

मात्र मारण्यापूर्वी त्यांचा उजवा खांदा उडत असे. तो उडाला की तू पलंगाखाली आणि मी पुढे. तोच झटका मी तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी आरशासमोर घोटला. समीक्षकांनी त्यावर रकाने भरले.

गेल्या हंगामात तो भलत्याच जागी, एका हळव्या संवादात उडाला. दिग्दर्शक धावत आत आला. ‘काय जागा काढलीत! रोज ठेवा.’ एका चुकलेल्या विरामासाठी सहकलाकारांना रडवणारा मी, पण ते श्रेय निमूटपणे घेतले. पुढे गळा दाबण्याच्या प्रसंगात माझी बोटे सुटेनात. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि माझ्यासमोर काम करणारी मुलगी माझ्या हातांत निळी पडत होती. विंगेतून दोघांनी येऊन माझी बोटे एकेक करून उपटली. पडदा पडल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘सर, अभिनय करत होतात ना?’

मेंदूच्या डॉक्टरांनी वडिलांविषयी विचारले. मी त्यांना खांदा करून दाखवला, बारकाव्यांसह, अभिमानाने. ते म्हणाले, ‘हे तुम्ही शिकला नाहीत. हे तुम्हाला त्यांच्याकडून आलंय.’ हा आजार आधी स्वभावात शिरतो, मग हातापायांत, शेवटी बुद्धीत. औषध नाही.

गेल्या महिन्यात चहा गार होता म्हणून मी वहिनीवर किटली भिरकावली. तिच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

(‘मोडलं नाही हो, नुसता तडा गेलाय. पत्रात तरी खरं लिहा.’ हे तिचे म्हणणे. तिने ते स्वतःच मध्ये घुसडले आहे.)

आजाराने माझा हात उचलला, हे खरे. पण उशी जवळ असताना किटली कोणी निवडली? हे मला ठरवता येत नाही, म्हणून बाबांविषयीही ठरवता येत नाही. त्या प्रकरणात तुला जी माफी दिसली, ती एवढीच आहे.

आता तुझ्या पत्राचा शेवट. इतका वेळ मी त्याला बगल देत होतो. ‘काल लेकीवर कात्री फेकली, वाकली म्हणून वाचली. बाबांची लेक शोभते की नाही!’ आम्ही हसावे म्हणून तू ते लिहिलेस. वहिनीने वाचले आणि कागद खाली ठेवला. ठमे, आयुष्यभर तू कुणाला ‘अरे’ला ‘का रे’ केले नाहीस. तू कात्री फेकलीस?

हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तुला काही झाले असेलच असे नाही. कदाचित तू नुसतीच चिडली असशील, आणि चिडण्याचा तुला हक्क आहे. रक्ताच्या तपासणीतून कळेल. तुझ्या मुलीला मूल हवे आहे, असे तूच लिहितेस. तिने ठरवण्याआधी तिला हे माहीत हवे.

सोमवारी ये. डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. तुझ्या शेजारी मी बसेन. तोवर घरातली प्रत्येक धारदार वस्तू लेकीच्या हवाली कर आणि कारण सांग. तुझ्याच्याने सांगवले नाही, किंवा तू आली नाहीस, तर मंगळवारी मी तिला फोन करेन. मग तू माझे तोंड पाहिले नाहीस तरी चालेल.

आयुष्यात प्रथमच आपला तर्क साफ चुकावा, अशी इच्छा धरून बसलेला

दादा