गायीच्या खोकल्यावर हक्क कुणाचा?

३ मार्च, सकाळ. बुंगोमा, केनिया.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना पुढे उपयोगी पडते. शाळेतली नोकरी सोडून सात महिने झाले, आणि माझं ‘गायडॉक्टर’ अ‍ॅप चार हजार शेतकऱ्यांच्या फोनवर आहे. आजारी गायीचा फोटो पाठवायचा, की आतली बाई आधी खडसावते, काल पाणी दाखवलं होतंस का हिला? मग औषध सांगते. लोक खूश. सगळं यश माझ्या प्रोग्रामिंगचं. आवाज सासूबाईंचा आहे, उत्तरंही त्यांचीच, पण तो कच्चा माल.
नैरोबीचा गुंतवणूकदार म्हणतो, कागदपत्रं स्वच्छ असली तर एप्रिलअखेर सही. निश्चय: वकील नको. कायदा मी स्वतः वाचणार.

९ मार्च
कॉपीराइटचा फॉर्म भरला. निर्माता: मी. ‘इतरांचा आवाज असल्यास संमती’ हा रकाना बिनकामाचा वाटला. रेघ मारली.

१७ मार्च
घात झाला! सरकारच्या डेटा संरक्षण कार्यालयाचं पत्र. अ‍ॅपविरुद्ध तक्रार. तक्रारदार, रोबाई नाब्विले. कोण ही बया? नक्की एखाद्या बड्या कंपनीनं पुढे केलेली. पत्र पाच पानी. एक वाचलं, बाकी वकिली भाषा.
बायकोला, नेखेसाला, नाव सांगितलं, तर ती चहा गाळता गाळता थांबली. म्हणाली, पत्र शेवटपर्यंत वाच. उगाच घाबरते.

२ एप्रिल
सासुरवाडी. नेखेसा आत गेली, मी केळीच्या बागेपलीकडे. बारा वर्षांत सासूच्या समोर गेलो नाही, हात मिळवला नाही, नाव तर कधी विचारलंही नाही. आम्हा बुकुसू जमातीत असा रिवाज पाळणारा जावई आता शोधून सापडायचा नाही. मुलं तिला कुकू, म्हणजे आजी, म्हणतात, मीही मागून तेच. अ‍ॅपची दोनशे बारा उत्तरंसुद्धा नेखेसानंच आत बसून रेकॉर्ड केली.
परतताना नेखेसा म्हणाली, कुकू विचारते, जावयाला वाचता येतं ना? मला हसू आलं. शिक्षकाला विचारतात असं!

११ एप्रिल
गुंतवणूकदाराचा फोन. तक्रार मिटली नाही तर सही नाही. मी म्हटलं, त्या बाईला पाच मिनिटांत लोळवतो. फोन ठेवला. देवा, हे गेलं तर माझ्याकडे राहिलं काय? शाळेतही माझ्या जागी दुसरा आलाय.
निश्चय: पत्र पूर्ण वाचायचं. उद्या.

२३ एप्रिल
टायला इस्त्री. पत्र राहिलं.

२४ एप्रिल, दुपार. नैरोबी.
सुनावणी. तीन फायली घेऊन ऐटीत दार उघडलं. टेबलाशी अधिकारी बाई. तिच्यासमोर डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली एक बाई. बारा वर्षं केळीपलीकडून तो रुमाल पाहतोय. कुकू!
फाइल तोंडावर धरून बाहेर पळालो. भिंतीआडून ओरडून बाजू मांडली. अधिकारी म्हणाली, आत या, नाहीतर गैरहजर लिहीन. म्हटलं, अहो बाई, सासू आहे ती! म्हणाली, कायद्यात सासूची सवलत नाही. मग आतून चार हजार फोनांतला तो आवाज आला. अधिकाऱ्याला म्हणाली, राहू द्या बाहेर, न वाचता आलाय, आत येऊन तरी काय बोलणार?
गैरहजर लिहिलं.

३० एप्रिल
आदेश: सात दिवसांत आवाज काढा. गुंतवणूकदार फोन उचलत नाही. नेखेसा म्हणाली, तुला सांगायचं नाही अशी शपथ आईनं घातली होती. त्यानं वाचायलाच हवं, म्हणाली होती.
वाचलं. पाचव्या पानावर कुकूचे शब्द: पैसे नकोत. अ‍ॅप त्याचंच राहू दे. ही औषधं माझ्या आईनं मला शिकवली. अ‍ॅपमध्ये कुठेतरी माझं नाव लिहावं. चौदा दिवसांत लिहिलं तर तक्रार मागे घेते.
एक ओळ लागली असती. सबंध दिवस रडू येतंय.

७ मे
आवाज काढला. आमच्या गायीला खोकला झालाय, तिचाच फोटो पाठवून पाहिला. फोन गप्प.

९ मे
खोकला वाढला. सासुरवाडी. कुकूच्या अंगणात शेतकऱ्यांची रांग, गायींसकट. नेखेसाला रांगेत उभं केलं, मी गाय धरून केळीआड. तासाभरानं तिचा नंबर लागला. परत आली. म्हटलं, काय म्हणाली?
म्हणाली, कुकू विचारते, काल पाणी दाखवलं होतं का हिला?
दाखवलं नव्हतं.