पाव नको, पूर्ण वायर

सोमवार, ३ नोव्हेंबर
निघोज्याच्या कारखान्यात आमच्या शॉपमधली क्रेन आज पुन्हा मध्येच थांबली. रिमोटचं बटण दाबलेलं, दोन टनाची डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, हवेत. शुक्रवारी साहेबराव, आमचे प्लँट हेड, ट्रायल बघून मेंटेनन्सचा इनचार्ज ठरवणार. म्हणजे मीच. एकवीस वर्षं काढलीत इथं. आजपासून चिडचिड बंद.

मंगळवार, ४
दोष सापडला. क्रेनवरच्या रिसिव्हरचा अँटेना मुळाशी तुटलाय. नवी ट्रेनी दिव्या म्हणे, सतरा सेंटिमीटर वायर लावू. रिमोटच्या लहरीची लांबी एकोणसत्तर, अँटेना तिच्या पाव हवा. पाव! आमच्याकडे पाहुण्याला पाव कप चहा देत नाहीत. मी पूर्ण एकोणसत्तर लावणार. चौपट सिग्नल.
चिडलो नाही. फक्त आवाज चढला.

बुधवार, ५
लावली. दिव्या म्हणाली, लांबी जुळली नाही तर सिग्नल रिसिव्हरमध्ये नीट शिरत नाही, वायरीतूनच परत फिरतो. मी म्हटलं, मोठ्या पाइपातून पाणी जास्तच येतं. तिनं वही मिटली. पटलं असणार. क्रेनखाली उभं राहून चालवली. फर्स्ट क्लास.

गुरुवार, ६
लांबून चालवली तर दोनदा अडकली. सेल बदलले. पुन्हा अडकली. सेल लोकल असणार. वायर कापून बघावी असं वाटलं, पण दिव्यासमोर? जेवण गेलं नाही. घरी बायकोला, दिपालीला, सांगितलं, ॲसिडिटी.

शुक्रवार, ७, सकाळी ११.१०
ट्रायल पाच मिनिटांत. धोंडीबा डायला हात लावून दिशा देतो, तो म्हणाला, दादा, क्रेनचा भरवसा न्हाई, आज आपण जवळ थांबत न्हाई. सगळ्यांसमोर त्याला भित्रा म्हटलं. थांबला.

दुपारी १
डाय धोंडीबाच्या छातीशी आली आणि क्रेन थांबली. डाय झुलली. त्यानं उडी मारली नसती तर मशीनला चेपला असता. मी नुसता बटण दाबत होतो. फार घाबरलो. दिव्यानं मेन स्विच बंद केला, वर चढली, मोजून सतरावर वायर कापली. स्विच चालू केल्यावर क्रेन न अडकता पार टोकापर्यंत गेली.

शनिवार, ८
इनचार्ज दिव्या. नोटीस लागली. वायर मीच लावली होती हे साहेबरावांना सांगून टाकलं. मग धोंडीबाची माफी मागायला गेलो. वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ऱ्हाऊ द्या दादा, आता डायजवळ भ्या न्हाई वाटत. जिवात जीव आला.
मग म्हणाला, रिमोट आता ताईंकडं हाय ना.