चार्जिंगची वायर काढून ठेव

चि. धाकटीस, तुझ्या दादाचे भरभरून आशीर्वाद.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर आहे. दाजींचा श्वास कसा आहे? फोनवर सांगू लागलो की "दादा, तुझं आपलं काहीतरीच!" म्हणून तू हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहितो.

वीज गेली की दाजींचं ऑक्सिजनचं यंत्र अंगणातल्या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीवर चालतं. पण गरज पडली की ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, गाडीतली वीज परत द्यायच्या त्या नव्या योजनेत तुम्ही गाडीचं नाव घातलंत ना? तीच योजना इथे आमच्या रुग्णवाहिकांच्या डेपोत आहे. काल आभाळ भरून आलं, सौरवीज घटली, तशी वायर लावलेल्या गाड्यांतली वीज ग्रिडने परत ओढून घेतली. रुग्णवाहिकेत किती शिल्लक ठेवायची, ते नेमून द्यायला आम्ही विसरलो होतो. बोलावणं आलं, तर ती जागची हलेना! दुसरी धावली म्हणून निभावलं.

ग्रिड वाईट नाही गं, पण त्याला आपले दाजी कुठे ठाऊक? वायरमनला बोलावून 'अर्ध्याच्या खाली घ्यायची नाही' असं बसवून घे. तोवर गाडी भरली की चार्जिंगची वायर काढत जा.

काढलीस की फोन कर. बोलू नकोस काही, नुसता यंत्रापाशी धर. मला त्याचा आवाज ऐकू दे.

तुझा घाबरट दादा