मूळे म्हणजे हाड

रचनाच्या बाबांना, शहापुरातून नमस्कार.

मी बरी आहे. लेक-जावई नीट बघतात. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून कट्ट्यावर बसता, म्हणून लिहिते.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर कन्नडमधून 'मूळे' म्हणाले. कन्नडमध्ये मूळे म्हणजे हाड. कन्नड येतं म्हणून एवढं मिरवता, आणि तेवढंच अर्धं ऐकून गावी परतलात नि बायकोला मूळव्याध झाली म्हणून सांगत सुटलात. तुमच्या आक्कांनी सुरण धाडलाय. काल कॅम्पातले मारुतीभावजी बघायला आले, ते मधे भोक असलेली उशी घेऊन. जावयासमोर तोंड कुठं लपवावं कळेना.

मला ऑस्टिओपोरोसिस आहे. शब्द लांबडा, पण अर्थ साधा. हाडं आतनं ठिसूळ झाल्यात. पाठीचा एक मणका जरा दबलाय, म्हणून कळ येत होती. काळजीचं काय न्हाय, गोळ्या चालू आहेत. आता कट्ट्यावर हेच सांगा, आणि सांगायच्या आधी दोनदा वाचा.

म्हैस तुम्हाला दूध काढू देते का? जेवता वेळेवर, का नुसत्या चहावर दिवस काढता?

आणि मोरीतली फरशी लई निसरडी झालीया, कधीपासनं सांगते. मी यायच्या आत घासून घ्या. "आता पडलात तर मोडेल," असं डॉक्टर मला म्हणाले. तेवढं ते मराठीत बोलले.

वाट बघणारी,
रचनाची आई