परत बोला, अण्णा

रविवार, संध्याकाळ. मंठा.

सकाळी जयश्रीचा रागच आल्ता. "अण्णा, बीपीची गोळी नाश्ता झाल्यावर," म्हणली. मी "हां हां" म्हणलो. तर म्हणते, "हां न्हाई. परत बोला." बापाला पोपट समजली काय?

मंग चहा पिताना कळलं. ही विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट सांगते. परवा एका छोट्या विमानाला सांगितलं, हजार फुटांच्या वर येऊ नका, मोठं विमान उतरून राह्यलं. तिथं नुसतं "हो" चालत न्हाई. पायलटला ऐकलेलं सगळं परत बोलावं लागतं. तो बोलला, "दोन हजार." हिनं तिथल्या तिथं सुधारलं. अन् सांगत होती कशी, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला तशी!

मोठ्या विमानातल्या लोकांना पत्ता बी न्हाई. त्यानं परत बोललंच नसतं तर? दिवसभर तेच डोक्यात. माझ्या पोरीत एवढी हिंमत कुठून आली?

दुपारी तिला गाडीत बसवलं. म्हणलो, "पोचल्यावर फोन कर." ती म्हणली, "हो."

मी खिडकी सोडली न्हाई. "हो न्हाई. परत बोल."